दोन तास पाच मिनिटं

४ मार्च
महिनाअखेर थेट विमान बंद होणार. जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला होता – "तुझ्या दादाकडे जायचं विमान गं. आता मध्ये बदलून जायचं, आठ तास." मी म्हटलं, बरं. फोन ठेवेपर्यंत भाजी करपली.

अकराशे चाळीस किलोमीटर. दोन तास पाच मिनिटं. वारा समोरून असला तर दहा जास्त. तेहतीस वर्षं विमानतळावर डिस्पॅचला काढली – वाट, वारा, इंधन बघायचं, विमान सोडायचं की नाही ते ठरवायचं, वैमानिकाबरोबर सही करायची. या वाटेचे आकडे झोपेतही सांगेन. आणि नऊ वर्षांत स्वतः एकदाही गेले नाही.

५ मार्च
हे वेड दादानेच लावलं. मी आठ वर्षांची, तो बारा. आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घ्यायचा, शाळेच्या नकाशावर दोन गावांमध्ये ताणून धरायचा, मग पट्टीवर मोजायचा. "बोल, विमानाला किती तास?" चुकले की टपली. आई करवादायची – "संपवा माझी रिळं, आणि हिंडा फाटके." पुढे तो शाळेत भूगोल शिकवायला लागला. विमानांत शिरले मी.

८ मार्च
लिहूनच टाकते. नऊ वर्षांपूर्वी, त्या दिवशी सकाळी सहाला दादाचा फोन – "आईचं काही खरं नाही. सातचं विमान पकड." मी ड्यूटीवरच होते. बाहेर धुकं, धावपट्टीचा पहिला दिवाही दिसेना. सातचं विमान रोखायचा कागद माझ्याच टेबलावर आला. सही केली. दीडशे माणसं होती त्यात, दुसरं काय करणार होते? अकराला परत त्याचा फोन. आई गेली.

दुपारी पोचले, तर दादा दारातच म्हणाला, "सातला निघाली असतीस तर भेटली असती. तूच थांबवलंस."

तेव्हापासून वर्षाला दोन फोन. तब्येत, पाऊसपाणी, ठेवू का.

९ मार्च
फोन केला. वहिनीने उचलला. "विचारताय काय, या की." मागून दादाचा आवाज – "खिडकीची जागा घे म्हणावं. डावीकडची."

१९ मार्च
डावीकडून नदी दिसते, वळणं घेत जाणारी. तो नकाशावर दाखवायचा तीच. बघता बघता डोळे भरले. शेजारच्या बाईंनी न बोलता रुमाल पुढे केला.

दादा घ्यायला आला होता. केस पांढरेफटक, स्वेटर उलटा. "उशीर झाला का गं?" "चार मिनिटं आधीच आलं." हसला. बॅग हातातून ओढून घेतली, उचलवेना, तरी सोडेना.

आईचं शिलाई मशीन अजून खिडकीतच आहे.

२१ मार्च
सकाळी चहाला दोघंच. दादा कपाकडे बघत म्हणाला, "आई पाचलाच गेली होती. तुला फोन केला त्याच्या आधी. वाटेत एकटी रडत येशील म्हणून बोललो नाही. अकरापर्यंत तू निघालीच नाहीस, तेव्हा सांगावंच लागलं. आणि मग दारात तोंडातून भलतंच गेलं. ते परत कसं घ्यायचं, कळेना."

त्याचा चहा गार झाला होता. मी उठून तापवून आणला.