बालातच्या नवसाची काशाची मूर्ती

एथानीम महिना, दिवस ४
आमच्या मत्तनचं गलबत अजून नाही. तांबं आणायला अलाशिया बेटावर गेलेली बाकीची सगळी परतली. थोड्या दिवसांत वारा फिरेल, मग हिवाळाभर समुद्र बंद. आज अमतबाल बालात देवीला नवस बोलून आली — पोरासाठीच, दुसरं काय! काय बोलली ते नवस फिटेपर्यंत नवऱ्यालाही सांगायचं नसतं. मला एवढंच म्हणाली, "अहो, मूर्ती करून ठेवा. चांगली करा."

एथानीम ७
मेणाची मूर्ती झाली. एक पाय पुढे, डोक्यावर उंच मुकुट. शेजारचा यतोन ओतारी डोकावला. "मुकुट मिसरचा, नेसण उत्तरेकडच्या डोंगरातलं. आपल्या गबाल गावचं काय रे यात?"
म्हटलं, "पुढे टाकलेलं पाऊल."
तो हसला. पाऊलही मिसरीच, हे दोघांनाही ठाऊक.

एथानीम ११
मेणावर मातीचा साचा चढवून काशात ओतली. साचा फोडला — कुठे चीर नाही, बोटं शाबूत. इतकं नितळ काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. आनंद मात्र होईना. चेहऱ्यावर सोन्याचा पत्रा चढवला.

आपल्यात देवी आधी ऐकते, मग मूर्ती देवळात चढते. चढली म्हणजे मागणं पुरं झालं. तोवर ती फडक्यात गुंडाळून फडताळात.

बूल महिना, दिवस २
वारा फिरला. बंदरातले दोर गुंडाळले. नाही आला.

बूल ५
यतोन म्हणाला, "वितळवून टाक. डोळ्यांसमोर नको." मी मूर्ती काढली, तर अमतबालनं हिसकावून घेतली. "हात लावाल तर बघा!"
मी बोलून गेलो, "तो येत नाही आता. कळत कसं नाही तुला?"
ती मसूर निवडत राहिली. माझी आशा कधीच संपली. तिची बघवत नाही.

बूल ९
सोर गावचा एक खलाशी आला. दारातच उभा. "काका, मत्तनचं गलबत आमच्यासमोर उलटलं. मी त्याला पाण्यात धरला होता. सुटला."

अमतबालनं त्याला बसवून जेवू घातलं. मग फडताळातून मूर्ती घेतली आणि देवळाची वाट धरली. मी मागे धावलो. पोर गेलं, आणि ही नवस फेडायला निघाली! वाटलं, डोकं फिरलं हिचं.

बूल १०
मूर्ती चढली. नवस फिटला, म्हणून आज सांगितलं तिनं. "तो परत यावा असं मी मागितलंच नव्हतं. त्याचं काय झालं तेवढं कळू दे, म्हटलं होतं."