अकराव्या प्रकरणातले नाना

रविवार, ५ डिसेंबर १९४३

नागपूरहून इकडे जबलपूरला प्रुफं आली. पुडक्यात माझी, म्हणजे वडिलांच्या, नानांच्या हातची मुद्रणप्रतही परत पाठवलीय. प्रकाशकांची चिठ्ठी: कागद कसाबसा मिळालाय, महिनाअखेर छपाईला घ्यायचं, फार फेरफार नकोत.

माझी कादंबरी छापलेल्या अक्षरांत पहिल्यांदाच पाहिली. सुमनने पुडकं आधी देवापुढे ठेवलं, मग माझ्या हातात दिलं. म्हणाली, "तीन वर्षं लिहून राहिले तुम्ही, दोन मिनिटं देवाला द्या."

नाना अंगणात उन्हाला बसले होते. पानं दाखवली तर डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "खिळे झिजलेत छापखान्याचे. 'क्ष' नीट उठत नाही." बस्स. रेल्वेत तीस वर्षं तारबाबू होते. अक्षर अजून मोत्यासारखं. माझं मात्र कंपाउंडरलाही लागत नाही. म्हणून प्रत त्यांनी केली.

मंगळवार, ७ डिसें.

बारा तासांची पाळी. कारखान्याच्या नकाशाखोलीत दिवसभर ट्रेसिंग. संध्याकाळी सायकलवर धुकं इतकं की पुढचं चाक दिसेना. आपण रस्त्यावरून नाही, कुठल्याशा पांढऱ्या कागदावरून चाललोय आणि मागे शाईची रेघ उमटतेय असं वाटत होतं. एक टांगेवाला ओरडला, "बाबूजी, सो गए क्या?" झोपलोच होतो बहुतेक.

चार प्रकरणं झाली. सुमन मुद्रणप्रत मोठ्यानं वाचते, मी प्रुफात डोळा ठेवतो. ती वाचू लागली की वाक्यं माझी वाटत नाहीत. चांगलं लक्षण की वाईट, कोण जाणे.

शुक्रवार, १० डिसें.

आज दुपारची पाळी, म्हणून सकाळीच बसलो. अकरावं प्रकरण.

हे प्रकरण म्हणजे आईचं जाणं. मागच्या लढाईच्या अखेरीस तापाची साथ आली त्यात ती गेली. मी आठ वर्षांचा. साथ घरात शिरू नये म्हणून मला पनागरला मावशीच्या सासरी पाठवलं होतं. मला कळलं तेव्हा मी शेतात कोवळे मटार खात होतो. नाना तेव्हा दूरच्या एका लहान स्टेशनावर, ड्यूटीवर. ते आले नाहीत. आई वाट पाहत गेली. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा सगळं उरकलेलं. कादंबरीत नावं बदललीत, बाकी तेच. पुढची सगळी प्रकरणं या न येण्यावरच उभी आहेत.

सुमन वाचत होती. वाचता वाचता आवाज बदलला तिचा. मी प्रुफात पाहिलं, तर तेच छापलेलं. उतरवून ठेवतो, सदाशिवराव म्हणजे कादंबरीतला बाप:

'सदाशिवराव दिवेलागणीला आले. मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात बसून आले होते, तोंडावर कोळसा. पाय धुऊन आत गेले आणि तिच्या पायथ्याशी बसले. पाय सुजले होते, जोडवी रुतली होती. त्यांनी तेल लावून एकेक जोडवं सैल करून काढलं. तिनं डोळे उघडले. म्हणाली, आलात? मग आता झोपते.'

सुमन पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "हे कधी लिहिलं तुम्ही? आधी वाचून दाखवलं त्यात नव्हतं."

मी म्हटलं, "आठवत नाही."

खरंच आठवत नव्हतं. अंगणात नानांचा अडकित्ता थांबला होता.

शनिवार, ११ डिसें.

माळ्यावरून माझी मूळ वही काढली. त्यात नाही. कुठेच नाही. 'ते आले नाहीत' एवढंच, दोनदा खोडून पुन्हा लिहिलेलं.

काल दिवसभर मी स्वतःलाच समजावत होतो की ओव्हरटाइमच्या दिवसांत पेंगत लिहिलं असेल. हल्ली काय खरं, काय स्वप्न ते समजत नाही. मशीनची घरघर घरी आल्यावरही कानात राहते आणि तिच्यातून कोणी बोलतंय असं वाटतं. पण मुद्रणप्रत समोर आहे. नानांचं अक्षर. ओळ हलली नाही, शाई बदलली नाही. जणू समोरच्या वहीतूनच उतरवतायत.

तेव्हा मी थकलेलो. प्रत न वाचताच नागपूरला पाठवली होती.

रविवार, १२ डिसें.

सगळं ताडून पाहिलं. बाकी एक अक्षर बदललेलं नाही. चौदाव्या प्रकरणात मुलगा मोठा होऊन बापाला नाही नाही ते बोलतो. ते सगळं जसंच्या तसं, सुवाच्य. एका जागी मी शब्द गाळला होता, तो त्यांनी भरलाय. 'निर्दय'.

हे लिहिताना ते कुठे बसले होते? मी कारखान्यात असणार. सुमन म्हणते, रोज सकाळी स्नान करून बसायचे, पूजेला बसल्यासारखे.

विचारायचं ठरवलं होतं. नाही विचारलं.

मंगळवार, १४ डिसें.

प्रकाशकांचं पोस्टकार्ड: प्रुफं लवकर पाठवा, खिळे अडकून पडलेत.

सकाळी सराफ्यातली ठोकठाक सुरू व्हायच्या आत नानांजवळ बसलो. गल्लीत तेवढाच वेळ शांत असतो.

"नाना, अकरावं प्रकरण काहून बदललं?"

"बदललं नाही. थोडं राहिलं होतं, ते लिहिलं."

"तुम्ही आला होता?"

ते चहा बशीत ओतत राहिले. बशी भरली तरी ओततच होते.

"तू तिथं नव्हतास," म्हणाले.

"म्हणून तर विचारतोय."

"गोष्ट आहे ना तुझी? गोष्टीत काय, माणूस येतो, जातो."

उठून गेले. चहा तसाच. मला संताप आला, आणि सायकलवर बसेपर्यंत तो संताप कुठे विरला ते कळलं नाही. दिवसभर नकाशावर एकच रेघ तीनदा ओढली. हेड ड्राफ्ट्समन म्हणाले, "क्या बात है, जोशीजी, तबीयत?"

आईचा चेहरा आठवायला गेलो तर सुमनचाच येतो.

रविवार, १९ डिसें.

पनागरला जाऊन आलो. दुर्गामावशी आता सत्तरीला आली, आईची थोरली बहीण. आईच्या आजारपणात तीच इकडे येऊन राहिली होती. ओसरीत मटार सोलत बसली होती. मीही बसलो सोलायला. बाहेर दूरवर हिरवं, त्यावर धुकं, त्यात माणसं कमरेपर्यंतच दिसणारी. मी आठ वर्षांचाही होतो तिथे आणि तेहतीसचाही.

सरळच विचारलं. तिचे हात चालूच होते.

"आले होते तुझे नाना."

"आत?"

"नाही रे माधू. ओट्यापर्यंत."

मग तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो, नाहीतर मी त्याची गोष्ट करीन.

"तीन दिवस तिला झोप नव्हती. सारखी तळमळत होती. त्या संध्याकाळी जरा डोळा लागला. बोट निळं पडलं होतं, म्हणून मी तेल लावून जोडवी काढली. सवाशिणीची काढू नयेत, पण काय करू? तेवढ्यात हे दारात. काळेभोर, ओळखू येईनात. मीच म्हटलं, आत्ता झोपली आहे, उठवू नका. जोडवी त्यांच्या हातात दिली. ओट्यावर बसले थोडा वेळ. परतीची मालगाडी होती, तिकडे स्टेशनावर दुसरा माणूस तापानं पडलेला. गेले. पहाटे ती गेली."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगू? मी उठवलं नाही ते?"

टोपल्यात सालंच टाकत होती, दाणे जमिनीवर. मी दाणे वेचून घेतले.

निघताना भाजीची पिशवी दिली. एवढंच म्हणाली, "पुस्तकात माझं नाव नको टाकू."

सोमवार, २० डिसें.

म्हणजे माझंही खोटं, त्यांचंही. पंचवीस वर्षं मी एका माणसाला न येण्याबद्दल बोल लावला, आणि तो ओट्यापर्यंत आला होता.

मला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मी ही कादंबरी लिहिलीच नसती बहुधा.

सुमनला सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाली, "नानांचंच राहू द्या. कुणाचं काय बिघडतं?"

"पुढची प्रकरणं कोसळतात. बाप आला असेल तर पोराचा राग कशाचा?"

"पोराला माहीतच नाही ना तो आला ते. तुम्हाला कुठं माहीत होतं?"

चूल फुंकता फुंकता बोलून गेली. मी मात्र तिथेच उभा. तीन वर्षं मी जी गाठ सोडवत होतो...

गुरुवार, २३ डिसें.

पाळीवर जाण्याआधी रोज एक तास. तिसरी तऱ्हा लिहिली, जशी घडली तशी. बाप येतो, ओट्यावर बसतो, जातो. मुलाला कळत नाही. मेहुणीच्या जागी शेजारीण घातली, मावशीच्या शब्दाखातर.

पहिल्यांदा चार पानं झाली. मग अर्धं पान. प्रुफावर चिकटवायला तेवढंच बसतं.

लिहिताना ओटा इतका स्पष्ट दिसला की थंडी वाजली. मी त्यांच्याशेजारीच बसलोय, माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि ते मुठीत काहीतरी धरून समोरच्या भिंतीकडे पाहतायत. मला मूठ उघडून पाहायचीय. ते उघडत नाहीत.

शनिवार, २५ डिसें.

बडा दिन, नाताळ. कारखान्याला सुट्टी. सदरच्या छावणीकडून गोऱ्या शिपायांचं गाणं ऐकू येत होतं.

नाना उन्हात बाजेवर. मी म्हटलं, काही वाचून दाखवायचंय. त्यांनी बाजेवर जागा करून दिली. मी वाचलं. अर्धं पान वाचायला किती वेळ लागतो? मला वाटलं संध्याकाळ झाली.

"पनागरला गेला होतास."

"हो."

"दुर्गाला दोष नको देऊ. मीही म्हटलं नाही, उठव म्हणून."

"तुम्हाला गाडी गाठायची होती."

"गाडीला अवकाश होता." टोपी काढून मांडीवर ठेवली त्यांनी. "मी घाबरलो होतो, माधव. त्या दिवसांत स्टेशनावर रोज माणसं मरताना पाहत होतो. फलाटावर, बाकावर. दारात दुर्गा म्हणाली, झोपली आहे, आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं, की आत जायला नको. हे नाही लिहिलंस तू."

त्यांचा हात धरावासा वाटला. आमच्यात ती पद्धत नाही. पांघरूण सरळ केलं फक्त.

थोड्या वेळानं विचारलं, "लिहू?"

ते डोळे मिटून होते. जागे होते, मला माहीत आहे.

रविवार, २६ डिसें.

लिहिलं. एकच वाक्य, प्रुफावर चिकटवायच्या चिठ्ठीच्या शेवटी. 'त्याला बरं वाटलं.' कादंबरीत याहून खरं वाक्य नाही. आणि हे माझं नाही.

दिवसभर ते पान हातात घेऊन फिरलो. लेखक म्हणून विचाराल तर क्षणभरही शंका नाही. पण जबलपुरातली दहा मराठी घरं हे वाचतील. नाना रोज त्यांच्याबरोबर नर्मदेवर जातात, देवळात बसतात. नावं बदलली म्हणून कुणी फसणार आहे? आणि लोकांचं जाऊ दे. म्हाताऱ्या माणसानं पंचवीस वर्षांत एकदाच, दुसऱ्याच्या वहीत, स्वतःला आत नेलं. त्याला मी पुन्हा बाहेर बसवू?

सुमनला विचारलं. म्हणाली, "आता मला नका विचारू. त्यांना विचारा."

सोमवार, २७ डिसें.

आज प्रुफं जायलाच हवी होती. सकाळी सगळी पानं लावली. अकराव्या प्रकरणाचं ते पान वर ठेवलं, नानांच्या ओळी छापलेलं. शेजारी माझी चिठ्ठी. शेजारी डिंकाची बाटली.

नानांना म्हटलं, "मला पाळी आहे. पुडकं तुम्हीच बांधा आणि टपालात टाका. ही चिठ्ठी चिकटवलीत तर ते छापतील. नाही चिकटवलीत तर आहे तसं राहील."

"तू काय म्हणतोस?"

"मला दोन्ही चालेल." हे खोटं होतं. त्यांना ते कळलं असावं.

त्यांनी चष्मा लावला. चिठ्ठी उचलून पहिल्या शब्दापासून वाचायला लागले. एका जागी बोट ठेवलं. "'दिवेलागण' ऱ्हस्व दि." मी दुरुस्त केलं. मग मी निघालो. दारात सुमननं डबा हातात दिला.

नेपियर टाउनच्या कोपऱ्यावर सायकलची चेन उतरली. ती बसवण्यात अर्धा तास गेला. पुन्हा निघतो तो रस्त्याच्या पलीकडून नाना. पुडकं काखेत, दोरी नीट बांधलेली, पत्ता त्या मोत्यांच्या अक्षरात. चिठ्ठी आत चिकटवलेली आहे की नाही, ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता. टपाल कचेरीकडे चाललेले, जरा जास्तच ताठ. उन्हात धुकं विरत होतं आणि ते त्यात कधी असत, कधी नसत.

त्यांनी मला पाहिलं नाही. मी हाक मारली नाही. कचेरीच्या पायऱ्या चढून वर गेले, खिडकीतल्या बाबूशी काहीतरी बोलले, पुडकं खिडकीतून आत सरकवलं. हात मात्र लगेच बाहेर काढला नाही.

पाळीला उशीर झाला.