या वेळी डबा नाही

चंद्रपूर, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय रंभा,

तुझ्या नाटकाची पत्रिका येऊन पडली आणि मी साधा फोनही केला नाही. राग मानू नकोस. इतकी वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेले संवाद रंगमंचावर म्हटल्यावर आता तू स्वतः नाटक लिहिलंस, आणि ते तुझ्याच गावी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत होणार. पत्रिकेच्या कोपऱ्यात पेनानं लिहिलंस, 'आधी घरी जेवाले ये. डबा आणशीन तं परत पाठवीन.'

डब्याची थट्टा तू पहिल्यापासून करतेस. भद्रावतीला शिकवता शिकवता रविवारच्या पुरवणीत नाट्यपरीक्षणं लिहायला लागले, तेव्हाच मी ठरवलं : ज्या नाटकावर लिहायचं, त्यातल्या माणसांच्या घरी आधी जेवायचं नाही. आपल्या झाडीपट्टीत हा उद्धटपणाच. नाटकाच्या दिवशी गावातलं घर न् घर पाहुण्यांनी भरतं, आणि मी शाळेच्या व्हरांड्यात एकटी डब्यातली पोळी-भाजी खात असते. तुमच्या नाटक कंपनीचे लटारूभाऊ एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, नाटक पाहाले आल्या का तपासाले?" सगळे हसले, मीही हसले.

नियमाचा उपयोग झाला, हे खरं. माझं परीक्षण वाचून गावोगावची मंडळं कोणतं नाटक बोलवायचं ते ठरवतात. म्हणून तुझ्या पहिल्या नाटकावर मीच लिहावं अशी तुझी इच्छा असणार, असं मी धरून चालले होते. पत्रिकेत त्याबद्दल अवाक्षर नाही. नुसतं जेवण. भीती वाटली का तुला? की तुला माझ्यातली परीक्षक कधी नकोच होती?

गेल्या हंगामात मूल तालुक्यातल्या एका गावी भावाबहिणीच्या निरोपाचा प्रवेश चालला होता. 'फार लांबला' असं मी टिपलं. माझ्या खुर्चीशेजारी खाली बसलेल्या, त्याच गावच्या कुणी आशाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. प्रवेश एवढा आवडला का, विचारलं, तर म्हणाल्या, "माहा भाऊ बसला ना बाजूले. दिवाळीले नाई आला, नाटकाले आला." ते रडू नाटकाचं होतं की घरून आणलेलं, मला खुर्चीवरून कळेना. तेव्हापासून हाच विचार येतो : जेवूनखाऊन, आपल्या माणसांना खेटून बसलं की तेच नाटक वेगळं दिसत असेल का?

तुझं नाटक मी तसं पाहणार आहे. मग त्यावर मला लिहिता येणार नाही, दिनेश लिहील. तो पुरवणीत नवा आहे, तुला ओळखत नाही, भीडही ठेवत नाही. त्यानं वाईट लिहिलं तर तुझे प्रयोग कमी होतील. तरी नाटकाबद्दल मी त्याच्यापाशी एक शब्द काढणार नाही. हे आधीच कळवावं म्हणून हे पत्र. एवढं वाचूनही जेवायला बोलावशील, तर तव्यावरचे पातळ, तांदळाचे आयते कर.

तुझीच,
नीलिमा

(नीलिमाच्या डायरीत, त्याच रात्री)
उद्या : दिनेशला डबा सोबत न्यायला सांगणे.