मागच्या खोलीचा व्हिडिओ

४ मार्च
आला एकदाचा! ताई पुढच्या महिन्यात शहरातलं भाड्याचं घर सोडून बाळाला घेऊन कायमची इकडे येतेय. मागची खोली तिची. पाळणा कुठे मावेल ते बघायला व्हिडिओ मागितला होता. मी हाताने काढलेला पाहून म्हणाली, "होडीत बसून काढलास का गं? पोटात ढवळलं." म्हणून हा स्टॅबिलायझर. खाली मूठ, वर तीन चिमुकल्या मोटरी, त्यात फोन. हात कसाही हलवा, फोन ढिम्म! आधी फोन नीट बसवायचा, मग बटण. मी उलटं केलं. यंत्र नुसतं गुरगुरत बसलं.

५ मार्च
चालायलाही शिकावं लागतं! गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवून. आई म्हणाली, "कंबर धरली का गं?"

चित्र लोण्यासारखं मऊ. पण वाकडं. दार, खिडकी, कपाट — सगळं डावीकडे कललेलं. बाबांना दाखवलं. "नाचता येईना, अंगण वाकडं!" बाबा गवंडी. हे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलंय. चूक माझीच असणार.

६ मार्च
सापडलं! माहितीपत्रकात लिहिलंय — सपाट जागी ठेवा, बटण दाबून धरा, यंत्र 'सरळ' म्हणजे काय ते नव्याने ठरवतं. जेवणाच्या टेबलावर ठेवलं. आता दार सरळ, खिडकी सरळ. बाबा म्हणाले, "म्हटलं नव्हतं?" उद्या ताईला पाठवते.

७ मार्च
पाठवला नाही.

यंत्र कामावर नेलं होतं. चष्म्याच्या दुकानात सहज फिरवलं, तर फळ्या उजवीकडे उतरत्या! काउंटरवरची मैत्रीण म्हणाली, "अगं, सगळे चष्मे घसरून पडतील." तिथल्याच काउंटरवर ठेवून पुन्हा ठरवलं. दुकान सरळ. घरी आले — घर वाकडं!

म्हणजे आपण ज्याला सरळ म्हणायला शिकवू, त्यालाच हे सरळ म्हणतं. मग आमचं टेबल? पेला काठोकाठ भरून ठेवला. एकाच बाजूने सांडला. जमिनीवर ठेवला. त्याच बाजूने.

भीती वाटतेय. आणि खरं सांगायचं तर हे शोधून काढल्याची मजाही वाटतेय. त्याची लाज वाटते.

८ मार्च
बाबांना सांगितलं. "एकतीस वर्षं उभ्या आहेत या भिंती! तुझ्या खेळण्याला काय कळतंय?" ताटावरून उठले. आई माझ्याशी बोलत नाही.

ताईचा फोन — "पाठव ना गं, उद्या पाळणा घ्यायला जातोय." यंत्र बिघडलंय म्हणाले. धडधडीत खोटं!

९ मार्च
सकाळी बाबा मागच्या खोलीत, स्टुलावर उभे. हातात त्यांचा जुना ओळंबा. भिंतीच्या माथ्याशी दोरी धरलेली, खाली गोळा लोंबतोय. वर दोरी आणि भिंतीत बोटभर अंतर. खाली चार बोटं. गोळा स्थिर होईपर्यंत थांबले, पुन्हा मोजलं. समोरच्या भिंतीलाही लावून पाहिलं. मी दारातच होते, पण माझ्याकडे बघितलं नाही. मग खाली उतरून कोपऱ्यातल्या फरशीवर हात ठेवून बसून राहिले. मी चहा नेऊन ठेवला. तो तसाच गार झाला.

१० मार्च
बाबांनी स्वतःच ताईला फोन लावला. म्हणाले, "तू येऊ नकोस, बाळा. पाया खचतोय. आम्हा तिघांची तुझ्याकडे सोय होईल का?"