वेणूच्या शालूचा दोरा

बदलापूर गाव,
४ नोव्हेंबर २०२४

चि. नेत्रा हिस, आजोबाचा प्रभूमध्ये सलाम.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. लिहिलं आणि फाडलं, असं चाललं होतं. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून कागदच बरा.

जिबिन मुलगा चांगला आहे. पण लग्न उल्हासनगरला त्यांच्या मल्याळी चर्चमध्ये, हे ऐकल्यापासून जिवाला चैन नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती देवळात चपला बाहेर काढून सतरंजीवर बसायचं, पेटीवर भजन म्हणायचं. तिथं सगळं उभ्यानं, आणि मला अक्षर कळायचं नाही. आणि गळ्याचं काय? तुझ्या पणजीला मिशनच्या साहेबांनी काळी पोत काढायला लावली. ती मरेपर्यंत पदरानं गळा झाकून वावरली. पुढे तुझ्या आजीला आपल्याच पाळकांनी देवळात मंगळसूत्र घालू दिलं. आता तू परत मोकळ्या गळ्यानं जाणार असशील, तर ते माझ्याच्यानं बघवणार नाही. मी लग्नाला येत नाही. रागावू नकोस, माया असू दे.

तुझा आजोबा,
हरिचंद्र

अंबरनाथ,
९ नोव्हेंबर २०२४

ती. आजोबांस सलाम.

लग्नात जावई रुसतो असं ऐकलं होतं, आजोबा रुसलेले पहिल्यांदाच बघितले. चपला तिथेही बाहेरच काढतात. तुमच्यासाठी खुर्ची सांगून ठेवली आहे. आणि गळा मोकळा नाही. जिबिन सोन्याचं बारीक पान बांधणार, त्यावर क्रूस. सासरहून आलेल्या लग्नाच्या साडीचे दोरे काढून, पिळून, त्यांत ते ओवतात. त्यांच्यात पूर्वीपासून असंच आहे. मी जिबिनच्या अम्मांना विचारलं, त्यात एक दोरा वेणूआजीच्या शालूचा चालेल का. त्या म्हणाल्या, चालेल की, आजीनेही लग्नाला यायला हवंच.

शालू तुमच्या ट्रंकेत आहे. दोरा द्यायला तरी या.

तुमची भांडखोर,
नेत्रा

बदलापूर गाव,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. नेत्रा हिस सलाम.

शालू काढला. दोरा ओढला तर तुटला, दुसराही तुटला. रेशीम फार जुनं झालं. म्हणून शालूच घेऊन येतो. अम्मांना म्हणावं, तुमच्या हातानं काढा, फक्त पदराला हात लावू नका. बाप्तिस्म्याला वेणूनं तुला त्याच पदरात गुंडाळून नेलं होतं.

खुर्ची मागे नको, पुढे ठेव. त्यांची प्रार्थना मला कळणार नाही. पण शेवटी आमेन म्हणतात ते त्यांचंही आमेनच ना? तेवढं मी मोठ्यानं म्हणेन. नसेल तर आधी शिकून घ्यावं लागेल, तेव्हा लवकर कळव.

तुझा आजोबा,
हरिचंद्र