नायथेल म्हणजे

४ मार्च

ठरलं. मुलगी झाली तर नायथेल.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, नावाची सुरुवातच ‘नाय’ने? हाक मारायच्या आधीच नकार! स्वतःच हसला. मी नाही हसले.

५ मार्च

नाव ठेवायच्या आधीच घरात नावं ठेवणं सुरू.

हे नाव ज्या मालिकेतलं, तिच्यात उडते किल्ले आहेत, चेटूक आहे — नवऱ्याच्या मते पोरखेळ. असेल. पण त्यात नायथेल ही पुलाची राखणदार आहे. राजकन्या नाही, जादूगारीण नाही. सगळं सैन्य पळतं, ही एकटी पुलावर उभी राहते. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात माझं सगळं संपलं होतं. या खेपेला पाचवा लागला आणि डॉक्टरीणबाईंनी अंथरूण धरायला लावलं. तेव्हापासून मी तिला बघतेय. ती हलली नाही, मीही हलले नाही. आता आठवा सरत आलाय.

अर्थही शोधून काढला. मालिकावाल्यांनी डोंगरी लोकांसाठी एक भाषाच रचलीय. त्यात नाय म्हणजे वारा आणि थेल म्हणजे पाठ न दाखवणारी.

नवऱ्याने मग त्यातलीच दुसरी नावं सुचवली. बिचारा तेवढा तरी खाली उतरला! ल्युमीस, म्हणजे दवाचा थेंब. ओव्हेरा, म्हणजे चांदीची घंटा. गोड आहेत. पण दव उन्हात टिकत नाही, आणि ओव्हेरा चौथ्याच भागात मरते.

९ मार्च

सासूबाईंच्या कानावर गेलं. त्या निवृत्त होईपर्यंत टेलिफोन ऑपरेटर होत्या. अजून आवाज खणखणीत, एकेक अक्षर सुटं. त्या म्हणाल्या, “नाव एकदा सांगावं आणि पलीकडच्याला कळावं. हे दोनदा सांगितलंस तरी लोक नायटा ऐकतील.”

नायटा! माझ्या लेकीला!

१० मार्च

बोलले नाही त्यांच्याशी.

१४ मार्च

त्यांनी त्यांच्या पसंतीचं एक नाव सांगितलं. दोन अक्षरी, सुटसुटीत. वाईट नाही. मला नकोय.

मग शांतपणे म्हणाल्या, मालिका अजून संपलेली नाही. पुढे तुझी ही बाई शत्रूला जाऊन मिळाली तर? हे मात्र लागलं. दिवसभर विचार केला. मिळू दे. माझ्या वाईट दिवसांत ती पुलावर उभी होती, तेवढं मला पुरे.

२ एप्रिल

मुलगी. आम्ही दोघी सुखरूप. हनुवटीला खळी. नायथेल!

३ एप्रिल

बाळाच्या कानाच्या तपासणीत यंत्रावर प्रतिसाद उमटला नाही. नर्स म्हणाली, नवजात बाळांच्या कानात पाणी राहतं, घाबरू नका, महिन्याभराने परत आणा.

१९ एप्रिल

स्वयंपाकघरात सासूबाई एकट्याच पुटपुटत होत्या — नाय-थेल, नाय-थेल. मी दिसल्यावर म्हणाल्या, जिभेला वळण लावतेय. जिंकले! त्यांना म्हटलं, “आई, अगदी बरोबर म्हणताय तुम्ही.”

दुपारी त्यांच्या हातून पातेलं पडलं. मी दचकले, त्याही दचकल्या. पाळण्यात काहीच हललं नाही. आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळलं.

५ मे

तिला ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी.

डॉक्टरांनी पुढचं समजावलं. यंत्र, शस्त्रक्रिया, खुणांची भाषा. म्हटलं, जे लागेल ते करू. बाहेर आल्यावर नवरा भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणाला, “आता काहीही नाव ठेव. तिला काय फरक पडतो.” मी म्हटलं, “नायथेलच. तिला कळेल असं कसं म्हणायचं, ते आपण शिकायचं.” घरी येईपर्यंत त्याने बाळाला माझ्याकडे दिलं नाही.

६ मे

सकाळी सासूबाई पाळण्यावर वाकल्या होत्या. तोंडातून शब्द नाही. बाळाच्या हनुवटीच्या खळीवर बोट टेकवलं, मग स्वतःच्या हनुवटीवर. पुन्हा तसंच. मी दारात उभी. मान न वळवता म्हणाल्या, “हे तिचं नाव. सगळ्यांनी असंच म्हणायचं, एकसारखं. नाहीतर पोर गोंधळेल.”

नवऱ्याला उठवलं. त्याने म्हणून बघितलं. पोरगी त्याच्या बोटाकडे टक लावून बघत राहिली.