डिकीतला दिवा, राहते घर आणि इतर मिळकतीबाबत

मी खाली सही करणार, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, वय एकोणसत्तर, कोणाच्याही दडपणाखाली नसताना, माझे डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टरीणबाईंनी लिहून दिल्यावर आणि मलाही बहुतेक तसेच वाटत असताना, हे मृत्युपत्र करीत आहे.

१. राहते घर मुलाला आणि सुनेला निम्मे-निम्मे. सुनेचे नाव वेगळे का, ते कलम तीनमध्ये आहे.

२. बँकेतली ठेव मुलीला. ती लांब राहते, पण फोनवर "जेवलीस का?" एवढेच विचारते. "आज वार कोणता?" असे विचारून माझी परीक्षा घेत नाही.

३. माझ्या यजमानांची जुनी गाडी, जशी आहे तशी, सुनेला.

वर्षभर ही गाडी सकाळी सुरू होत नसे. किल्ली फिरवली की नुसते 'टक'. मुलगा म्हणायचा, "आई, काल पुन्हा दिवे चालू ठेवलेस." मी बंद केले होते असे मला वाटायचे, मग वाटेनासे झाले. एके काळी निम्म्या शहराचे नंबर मला तोंडपाठ होते, आणि आता मी जिन्यावरून परत खाली जाऊन गाडीभोवती फेऱ्या मारू लागले. शेवटी मुलाने किल्ली काढून घेतली आणि मला डॉक्टरकडे नेले.

वायरिंगवाल्याला बोलावले ते सुनेने. त्याने नवी बॅटरी घातली, तीही उतरली. चार्जिंग तपासले, ठीक होते. मग बॅटरीची एक तार सोडवून त्याने मध्ये टेस्ट लॅम्प जोडला. गाडीतले सगळे बंद, तरी लॅम्प पेटला.

"कुठेतरी करंट जातोय, मावशी," तो म्हणाला आणि एकेक फ्यूज काढत गेला. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला तेव्हा लॅम्प विझला. पण आतले दिवे तर बंदच दिसत होते.

"डिकीतलाही त्यातच येतो ना?" सुनेने विचारले.

"तो झाकण उघडल्यावरच लागतो, ताई."

"आणि लावल्यावर विझतो, हे कोणी पाहिलंय?"

ऑफिसला निघालेली, इस्त्रीच्या कपड्यांतली माझी सून फ्यूज परत बसवायला लावून डिकीत चढली आणि गुडघे पोटाशी घेऊन आडवी झाली. "आई, लावा झाकण." मी लावले. आतून आवाज आला, "चालूच आहे! अहो आई, चालूच आहे!"

झाकणाखालचे बटण अडकले होते. मी गाडीच्या बोनेटला टेकून रडले. का, ते सांगता येत नाही.

४. यजमानांचे पाने, पकडी व स्क्रू-ड्रायव्हर मुलाला. डिकीचे कळल्यावर तो हळूच म्हणाला, "पण आई, त्या दिवशीचा स्वयंपाकघरातला गॅस? तो कोणी चालू ठेवला होता?" गॅस मीच ठेवला होता. कोणती चूक बटणाची आणि कोणती माझी, हे मला अजून उलगडलेले नाही. त्याने माझी काळजी केली हे मला कळते. किल्ली मात्र मागून घ्यायला हवी होती, काढून नव्हे.

५. पुढे मी कोणाला ओळखेनाशी झाले, तर माझ्याबद्दल बोलताना मी खोलीत आहे हे लक्षात ठेवावे. सगळे निर्णय सुनेने व मुलीने मिळून घ्यावेत. मुलाने ऐकावे.

६. वायरिंगवाला साक्षीदार असल्यामुळे त्याला यातून काही देता येत नाही. म्हणून यजमानांचा टेबलफॅन त्याला आजच देऊन टाकला आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर.

सही: (मृत्युपत्र करणारी)
साक्षीदार: (गाड्यांची वायरिंग करणारा)
साक्षीदार: (समोरच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाई)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: सात मार्च. आधी सहा लिहिले होते. सुनेला विचारून खोडले. खाडाखोड माझीच आहे. शेजारी सही केली आहे.